मदत हवी आहे : ४५-७० रायफलसाठी हलक्या लोडची (कमी जोराच्या काडतुसाची) पावडर, म्हणजे दारू, कुठली?

राम राम मंडळी, मी खानापूरचा, मराठा लाइट इन्फंट्रीतनं रिटायर. मुलगा टेक्सासात असतो, तिथं काडतुसं घरी भरता येतात म्हणून तो स्वतःच भरतो, आपल्याकडं लायसन्सशिवाय तसलं काही चालत नाही त्यामुळं मी फौजेत नुसती तयार काडतुसं वापरलीत. त्याच्याकडं लिव्हरवाली ४५-७० आहे, १८७३ सालचं अमेरिकन फौजेचं काडतूस, मूळ हिशेब ७० ग्रेन (दारू-गोळीच्या वजनाचं माप) काळी दारू आणि ४०५ ग्रेनची शिशाची गोळी. गेल्या वर्षी त्याच्या खांद्याचं ऑपरेशन झालं, आता फुल लोडचा धक्का सोसत नाही.

परवा व्हिडिओ कॉलवर त्यानं काडतुसाची केस (पितळी नळकांडं) तिरकी धरून दाखवली, युनिक नावाची पावडर तळाला चिमूटभर दिसत होती. चुकून दोनदा पडली तरी एवढ्या मोठ्या केसमध्ये मावतीय की, आणि मग रायफलच फुटंल, मला रात्री झोप लागंना. ट्रेल बॉस नावाची पावडर फुगीर, केसमध्ये जास्त जागा व्यापणारी म्हणून बरी होती पण ती त्याला मिळंना झालीय. आता एच४८९५ पावडर घ्यावी की अ‍ॅक्युरेट ५७४४? एच४८९५ ही काडतुसं भरायच्या मॅन्युअलमधल्या मॅक्सिमम लोडच्या ६० टक्क्यांपर्यंत खाली आणता येते असं ती विकणारी हॉजडन कंपनीच सांगते, बाकी हळू जळणारी पावडर मनानं कमी करून भरायची नाही हे मी त्याला बजावलंय. ५७४४ चे न जळलेले दाणे नळीत फार राहतात का? शिशाच्या गोळीबरोबर कुणी वापरली असेल तर प्लीज सांगा, पोरगं शनिवारी दुकानात जाणार आहे.