शाळा बंद करून हे वैर संपणार नाही

स्कॉटलंडमधल्या कॅथलिक शाळा बंद केल्या की ग्लासगोच्या सेल्टिक (कॅथलिक, आयरिश मुळांचा) आणि रेंजर्स (प्रोटेस्टंट परंपरेचा) या दोन फुटबॉल क्लबांच्या चाहत्यांमधला धार्मिक द्वेष आपोआप विझेल, असं काही जण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही.

सेल्टिकची स्थापनाच मुळी १८८७ साली ग्लासगोच्या पूर्व भागातल्या गरीब आयरिश कुटुंबांतल्या मुलांच्या जेवणासाठी पैसे उभे करायला झाली. क्लबचे संस्थापक, कॅथलिक धर्मबंधू ब्रदर वॉलफ्रिड स्वतः शिक्षक होते. पुढे १९१८च्या कायद्याने कॅथलिक शाळा सरकारी खर्चात आल्या आणि पाचच वर्षांत चर्च ऑफ स्कॉटलंड या प्रोटेस्टंट चर्चच्या अहवालाने आयरिश लोकांना स्कॉटिश राष्ट्रीयत्वावरचं संकट ठरवलं. त्याबद्दलची माफी आली थेट २००२ मध्ये! रेंजर्सनेही कित्येक दशकं जाणूनबुजून कॅथलिक खेळाडू टाळले. १९८९ मध्ये रेंजर्सचे मॅनेजर ग्रॅम सूनेस यांनी मो जॉन्स्टन या कॅथलिक खेळाडूला घेतलं, तेव्हा चिडलेल्या काही चाहत्यांनी स्कार्फ जाळले. यातलं काय कॅथलिक शाळेच्या वर्गात शिकवलं गेलं?

इंग्लंडमध्येही सरकारी पैशावर चालणाऱ्या कॅथलिक शाळा भरपूर आहेत. लिव्हरपूलमध्ये तर आयरिश वस्ती मोठी, एकेकाळी तिथेही धर्मावरून दंगली झाल्या. तरी आज लिव्हरपूल आणि एव्हर्टन या तिथल्या दोन क्लबांचे चाहते एकाच घरात नांदतात.

एक आक्षेप मात्र मलाही मान्य आहे. स्कॉटलंडच्या कॅथलिक शाळांत पगार जनतेच्या करातून आणि शिक्षकाच्या श्रद्धेला, चारित्र्याला मान्यता कॅथलिक चर्चची, ही १९१८पासूनची तरतूद आज अन्यायाची वाटते. बदलायची तर आधी ती बदला.