मदत हवी आहे: ब्रिटनचा जुना ईपर्ब (संकटात उपग्रहामार्फत निरोप पाठवणारं यंत्र) आपल्या मच्छीमार बोटीवर लावता येईल का?

नमस्कार मंडळी. आमची बोट हर्णैची. बाबा तांडेल (बोटीचे कप्तान), धाकटा भाऊ त्यांच्याबरोबर, मी पुण्यात नोकरीला. तीस-चाळीस वाव पाण्यात गेले की यांचे मोबाइल बंद.

मर्चंट नेव्हीतल्या चुलतभावाने गणपतीला येताना एक पिवळा ईपर्ब आणला. एका इंग्रज यॉटवाल्याकडून, जुना, स्वस्तात. बॅटरी २०२८ पर्यंत आहे. धाकट्या भावाने 'चालतोय का बघू' म्हणत लाल स्विचवरचं झाकणच उचललं! मी हातातून हिसकावून घेतला. तपासायला टेस्टचं बटण वेगळं असतं, खरा स्विच दाबला की निरोप थेट उपग्रहाकडे जातो.

अडचण त्याच्या लेबलवर आहे. तिथला १५ अक्षर-आकड्यांचा कोड उलगडून पाहिला तर देशाचा क्रमांक निघाला २३२, म्हणजे ब्रिटन. आपला ४१९. आता ४०६ मेगाहर्ट्झवरचा सिग्नल कॉस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय शोध-बचाव यंत्रणेचे उपग्रह पकडणारच, तो कुठल्याही देशाचा असो. ठिकाण आपल्या समुद्रातलं निघालं की बेंगळुरूच्या इस्रो केंद्रामार्गे मुंबईच्या तटरक्षक दलाकडेही येईल. पण बोट कुणाची, माणसं किती, हे नोंदीतल्या मालकाला विचारतात. तो तिकडे घरी चहा पीत बसलेला. 'मी ठीक आहे, बोट केव्हाच विकली,' म्हणाला तर? इकडे बाबा पाण्यात.

तर विचारायचं असं:

भारतात याचा कोड बदलून कोण देतं? बेंगळुरूला नोंदणीसाठी मच्छीमार बोटीचा परवाना पुरतो, की आणखी कागद लागतात? जुनी नोंद त्या यॉटवाल्यानेच रद्द करायला हवी ना? (चुलतभावाकडे त्याचा ईमेल आहे, सुदैवाने.)

दुसरं, बोटीवर इस्रोचा जुना डॅट (मच्छीमारांसाठीचं संकटाचा निरोप पाठवणारं यंत्र) आहेच. पण बटण दाबल्यावर निरोप पोचला का, हे त्यावर कळत नाही, म्हणून बाबांचा विश्वास नाही. 'देवाला नारळ दिला तरी तो वाहत जाताना दिसतो,' म्हणतात. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या नव्या डॅटवर पोच परत येते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात कुणाला मिळालाय का? मत्स्य खात्यात अर्ज कुठे करायचा?

ऐकीव नको, स्वतः केलं असेल तर सांगा. तोवर ईपर्ब पुण्याला माझ्या कपाटात, कुलपात. भावाचा रोज फोन येतोय.