गिलाव्याखाली काय गाडलं गेलं? घरकामाचे अनुभव सांगा

टॉवेलची दांडी बसवायला न्हाणीघराच्या भिंतीला भोक पाडलं आणि तोंडावर कारंजं उडालं. पाइप साधारण नळाच्या रेषेत सरळ वर जातो असं गृहीत धरून मी हातभर बाजूला ड्रिल लावलं होतं. आमच्या प्लंबरने वीतभर पाइप वाचवायला तो तिरका नेला होता, हे घर बांधून सहा वर्षांनी कळलं. बोट भोकावर दाबून उभा राहिलो आणि घरच्यांना ओरडून मुख्य झडप बंद करायला सांगितलं. झडप कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सापडली तेव्हा ती गंजून अशी घट्ट बसलेली की फिरेना. शेवटी गच्चीवर धावत जाऊन टाकीखालचा कॉक बंद करावा लागला.

तेव्हा तुमच्याकडे गिलाव्याआधी, फरशीआधी, रंगाआधी जे बघायचं राहून गेलं ते लिहा. दुरुस्ती, ओल, वायरिंग, विजेचं बिल, सगळं चालेल. उपदेश नको, काय झालं ते हवं.

*

आमच्याकडे हे टळलं ते बायकोमुळे. भिंतीतल्या झिऱ्या (पाइप-वायरसाठी कोरलेल्या खाचा) बुजवायच्या आदल्या दिवशी तिने प्रत्येक भिंतीचे फोटो काढले, तेही मोजपट्टी उघडून भिंतीला लावून. नुसत्या फोटोत पाइप दिसतो, पण कोपऱ्यापासून किती अंतरावर आणि जमिनीपासून किती उंचीवर ते कळत नाही. मी तेव्हा हसलो होतो. नंतर स्वयंपाकघरात फडताळ ठोकताना गुपचूप तेच फोटो काढून बसलो. एक शहाणपण उशिरा सुचलं: फोन बदलला की फोटो हरवतात. आता छापील प्रती इलेक्ट्रिक बोर्डाच्या कपाटात आतून चिकटवल्या आहेत.

*

माझी चूक भिंतीतली नाही, डोक्यावरची आहे.

स्लॅबच्या दिवशी काँक्रीट घट्ट येत होतं. सळ्यांमधून नीट उतरत नाही म्हणून माणसं त्यात बादलीने पाणी ओतत होती. मी तिथेच उभा होतो, आणि खरं सांगायचं तर पातळ माल सरसर पसरताना बघून बरं वाटलं. त्या जादा पाण्याची सिमेंटला गरज नसते. ते पुढे उडून जातं आणि मागे बारीक पोकळ्या ठेवतं, ताकद तिथेच घटते. माल घट्ट वाटला तर तो व्हायब्रेटरने, म्हणजे थरथरवणाऱ्या यंत्राने, बसवायचा असतो, पाण्याने नाही.

दुसरी चूक त्याच्यापुढची. वर वाफे करून पाणी साठवलं, पण तिसऱ्या दिवशी पंप बिघडला आणि मुकादम म्हणाला, "वाळला की आता, काय होतंय!" काँक्रीट वाळून पक्कं होत नाही. सिमेंट आणि पाणी यांची प्रक्रिया आठवडेच्या आठवडे चालू असते, म्हणून तर ताकद २८ दिवसांची धरतात. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस ओलावा लागतो, फ्लाय ॲश (कोळशाची राख) किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) मिसळलेल्या सिमेंटला १० दिवस तरी, आणि ऊन-वारं असेल तर त्याहून जास्त. म्हणजे पाणी आत कमी आणि वर भरपूर हवं होतं, आम्ही बरोबर उलटं केलं. गच्चीवर नकाशासारख्या भेगा आहेत.

आणि कव्हर ब्लॉक! सळईखाली ठोकळे ठेवतात ते सळईला काँक्रीटचं पुरेसं पांघरूण मिळावं म्हणून. आमच्याकडे हाताला लागली ती खडी सरकवली होती, ती माणसांच्या पायाखाली निसटली. आज एका खोलीच्या छताला सळईची गंजकी रेघ दिसते. गंजलेलं लोखंड फुगतं आणि खालचा पोपडा ढकलून पाडतं. एक तुकडा पलंगावर पडला, नशीब तेव्हा तिथे कुणी झोपलं नव्हतं.

*

न्हाणीघर. खालच्या खोलीच्या छताला डाग आला, ठेकेदाराने वरची सगळी फरशी उखडली, पुन्हा वॉटरप्रूफिंग केलं, डाग परत आला. दुसऱ्या वेळी मी फरशी लावूच दिली नाही. नहाणी ट्रॅपचं, म्हणजे पाणी जायच्या जाळीखालच्या भोकाचं, तोंड बंद केलं, तीन बोटं पाणी भरलं, भिंतीवर पेन्सिलने पातळी आखली आणि दोन दिवस ठेवलं. थोडं पाणी हवेत उडतं, पण पातळी बोटभर उतरली. खालून टॉर्च लावून बघितलं तर ओल जमिनीतून नव्हतीच, पाइप स्लॅबमधून खाली उतरतो त्या गोल कडेतून होती. एवढं भोक नीट भरलं असतं तर दोन फरश्या वाचल्या असत्या.

उताराचंही तेव्हाच बघून घ्या. मीटरला एक ते सव्वा सेंटिमीटर पुरतो. फरशी लागल्यावर बादलीभर पाणी ओतून ते कुठे थबकतं ते गवंडी समोर असतानाच बघायचं, तो गेल्यावर नाही.

*

फरशीवरून आठवलं. त्याच लॉटची दोन खोकी जास्तीची घेऊन माळ्यावर टाका. नंतर तीच फरशी मिळते, तोच रंग मिळत नाही. बस, एवढंच.

*

ओलीच्या बाबतीत आधी निदान करा, मग रंग. कपाटामागच्या भिंतीवर काळी बुरशी यायची म्हणून आम्ही बाहेरून दोनदा वॉटरप्रूफ रंग दिला. काही फरक नाही. मग एका जाणत्या गवंड्याने सांगितलं म्हणून प्लास्टिकचा हातरुमालाएवढा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर पक्का लावला. दोन दिवसांनी पाणी प्लास्टिकच्या खोलीकडच्या बाजूला होतं, आत भिंतीकडे कोरडं! म्हणजे ओल भिंतीतून येत नव्हती, खोलीतली वाफ गार भिंतीवर जमत होती. आम्ही थंडीत खिडक्या लावून त्याच खोलीत कपडे वाळत घालत होतो. कपाट वीतभर पुढे ओढलं, कपडे बाहेर नेले, बुरशी पुसून काढली. ती परत आली नाही.

*

माझा अनुभव जरा भीतीदायक आहे. बोर्डातला आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, अधूनमधून पडायचा. वायरमनने "कटकट मिटवतो" म्हणत तो सर्किटमधून काढूनच टाकला, आणि मी आभार मानले! दोन महिन्यांनी आईला नळाला हात लावताच झिणझिण्या आल्या. गीझरचं एलिमेंट फुटलं होतं. बिचारा आरसीसीबी हेच तर सांगत होता.

तो गेलेला आणि परत आलेला करंट ताडून बघतो. फरक ३० मिलिॲम्पिअरपर्यंत गेला की तोडतो, कारण तो फरक कुठून तरी, कदाचित माणसातून, जमिनीत जात असतो. एमसीबी हे करत नाही, तो जादा भारापासून आणि शॉर्ट सर्किटपासून वायर वाचवतो. आरसीसीबी पडत असेल तर एकेक उपकरण काढून दोषी शोधायचा. त्यावर टेस्टचं बटण असतं, ते अधूनमधून दाबून बघा. दाबूनही पडला नाही तर तो बदला.

*

बिलाबद्दल लिहितो. आमच्याकडे बाबा आयुष्यभर मागे फिरून दिवे मालवत आले. मी प्लगमध्ये लावायचं मीटर आणलं आणि आठवडाभर हिशेब केला. ९ वॅटचा बल्ब १११ तास जळला तेव्हा कुठे एक युनिट. उलट १५ लिटरचा गीझर २५ अंशांचं पाणी ६० पर्यंत नेतो तेव्हा सुमारे ०.६ युनिट जातं, म्हणजे तोच बल्ब जवळजवळ तीन दिवस. सेट टॉप बॉक्स टीव्ही बंद असतानाही १२ वॅट खात होता, वर्षाला १०५ युनिट. पंखे जुने ७५ वॅटचे होते, कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरचे ३० च्या आसपास घेतात. दिवसाला बारा तास चालणारे दोनच आधी बदलले, पाहुण्यांच्या खोलीतला तसाच आहे.

बाबांना कागद दाखवला. त्यांनी वाचला, आणि उठून दिवा मालवला.

*

वरच्यांचा हिशेब बरोबर, पण आमचं बिल खिडकीने वाढवलं. पश्चिमेला मोठी काच, आतून जाड पडदे, तरी खोली भट्टी. ऊन काचेतून आत आलं की पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. बाहेरून बांबूची चटई सोडली आणि फरक पहिल्याच दुपारी जाणवला. पडदे धूळ खायला ठेवलेत.

*

मूळ लिहिणारा परत. भिंत फोडली, पाइप जोडला, या वेळी मोजपट्टीसह फोटो काढले. मुख्य झडप नवी बसवली आणि महिन्यातून एकदा ती पूर्ण बंद करून उघडतो, म्हणजे जाम होत नाही. सासूबाईंनी तिला लाल फीत बांधली आहे आणि घरातल्या सगळ्यांना, अगदी पाच वर्षांच्या नातवालाही, ती फिरवून दाखवायला लावली. दांडी मात्र अजून लागलेली नाही. टॉवेल दारावर.