डायनोवरच्या आकड्यावरून इंजिनाची ताकद कशी काढायची? मदत हवी आहे

मंडळी, माझी पोलो जीटी टीएसआय (कंपनीचा दावा १०५ पीएस, म्हणजे मेट्रिक हॉर्सपॉवर) रोलर डायनोवर, म्हणजे चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजायच्या यंत्रावर, चढवली. चाकांवर ८९ पीएस मिळाले. ट्यूनरने गिअरबॉक्स-टायरमधला तोटा म्हणून त्यात सरळ १५ टक्के मिळवून इंजिनाचे १०२ सांगितले. गंमत म्हणजे इंजिनाच्या ताकदीतले १५ टक्के वाया जातात असं धरून ०.८५ ने भागलं तर १०५ येतात! रिमॅपनंतर (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलल्यावर) चाकांवर १०९, पुन्हा तेच १५ टक्के, म्हणजे १२५.

गिअरबॉक्स तोच, टायर तेच, मग तोटा १३ वरून १६ पीएस कसा? गिअरच्या दातांचं घर्षण टॉर्कबरोबर (फिरवण्याच्या जोराबरोबर) वाढतं हे मान्य, पण गिअर ऑइल आणि टायरचा तोटा तर मुख्यतः वेगावर ठरतो ना?

कोस्टडाउन (चाकं आपोआप मंदावू देऊन तोटा मोजणं) न्यूट्रलमध्ये घेतला तर भाराखालचं घर्षण त्यात धरलं जातं का? आणि टर्बो इंजिनाच्या आकड्याला हवेच्या तापमानाचं करेक्शन लावावं का? दोन्ही रनना गाडी बांधायच्या पट्ट्यांचा ताण, टायरमधली हवा सारखी होती का, हे मी बघितलंच नाही.