"दावका" म्हणजे नक्की काय??

नवखी_हिब्रूवाली:
मंडळी, सहा महिने झाले हिब्रू शिकतेय, वाचता येतं आता बऱ्यापैकी, पण या एका शब्दाने वैताग आणलाय. दावका. डिक्शनरीत "नेमकेपणाने" पण आहे, "उलट" पण आणि "मुद्दाम" पण! काल एका इस्रायली सिरीयलमध्ये आई पोराला ओरडते "अता ओसे ली दावका!" आणि दहा मिनिटांनी तोच पोरगा नाक मुरडत मासा तोंडात टाकतो नि म्हणतो "दावका ताईम". ताईम म्हणजे चविष्ट हे कळलं, पण दावका कशाला मध्ये?

चार_वर्षं_हैफात:
इंग्रजीतून शोधत असशील तर सोड, मराठीत सोपंय. "दावका हायोम?" म्हणजे "नेमकं आजच?" बसस्टॉपवर हे रोज ऐकायचो, घाई असते तेव्हाच बस लेट. "दावका ताईम" म्हणजे वाटलं नव्हतं पण छान लागतंय की! आणि "ओसे ली दावका" म्हणजे मुद्दाम मला त्रास द्यायला करतोयस. तिन्हीकडे वाटलेलं एक नि झालं भलतंच, एवढंच धर.

आलेफ_बेत:
वरचं बरोबर आहे पण मूळ अर्थ नेमकेपणाचाच हं. शब्द अरामी (हिब्रूची जुनी बहीणभाषा), शेवटचं अक्षर आलेफ त्याचीच खूण. तालमूद (ज्यूंचा जुना धर्मग्रंथ) वाचणाऱ्यांची जुनी भांडणं आहेत की इथे हा शब्द अगदी शब्दशः घ्यायचा (दावका) की नाही (लाव दावका). आता "अगदी बरोबर" म्हणायला लोक "बेदियुक" म्हणतात, तेही त्याच धातूतलं, आणि दावकाकडे राहिला तो सगळा खवचटपणा 😄

नवखी_हिब्रूवाली:
अच्छा! मग "लो दावका" म्हणजे "असंच काही नाही"?

चार_वर्षं_हैफात:
हो, परफेक्ट. महाग आहे का विचारलं तर "लो दावका". फक्त जागा सांभाळ, आपला "च" जसा ज्याला चिकटेल त्यावर जोर जातो तसंच आहे हे. "दावका हू बा" म्हणजे नेमका तोच आला (बाकी कोणीही चाललं असतं), पण "हू दावका बा" म्हणजे येणार नाही वाटलं होतं, आला की! आणि बोलताना जोर "दा"वर दे, "का"वर दिलास की लगेच परके वाटतो आपण.

नवखी_हिब्रूवाली:
थँक्यू दोघांना 🙏 आत्ताच क्लास झाला, टीचरने नेहमीच्या आवाजात विचारलं होमवर्क केला नसेल ना, मी म्हटलं "दावका केन" (केन म्हणजे हो; उलट, केलाय की!). दोन सेकंद शांतता आणि मग जोरात हसल्या.