पाचवा महिना चालू आहे, अर्धा ग्लास रेड वाईन चालते का?

द्राक्षनगरी: रविवारी सगळे गंगापूर धरणाकडे वायनरीत जाणार आहोत, नणंद म्हणते रेड वाईन द्राक्षाचीच तर असते, रक्त वाढतं, अर्धा ग्लास घे काही होत नाही. सासूबाई गप्प आहेत. मला मनातून नकोय पण नक्की काय सांगू?

मखमलाबादची ताई: अजिबात घेऊ नकोस गं. वाईनमध्ये साधारण १२ टक्के अल्कोहोल असतं, ते तुझ्या रक्तातून नाळेवाटे थेट बाळाकडे जातं आणि बाळाचं लिव्हर अजून तयार होतंय, त्याला ते झेपत नाही. मेंदूची वाढ तर नऊही महिने चालू असते, त्यामुळे आता पाचवा आहे म्हणून चालेल असंही नाही. इतकं प्यायलं तर सुरक्षित असा आकडाच कुठल्या डॉक्टरकडे नाहीये. आणि रक्त वाईनने वाढत नाही, लोहाच्या गोळ्या चालू ठेव. वायनरीत साधा द्राक्षाचा ज्यूस मागव.

सिडकोवाली: बाळंतपणानंतरचंही सांगते, रक्तात जितकं अल्कोहोल तितकंच जवळजवळ दुधात उतरतं. दूध काढून फेकलं की झालं असं नाही, रक्तातून जाईपर्यंत नव्या दुधातही येतच राहतं, एका ड्रिंकला निदान दोन तास तरी थांबावं लागतं. न घेणंच बरं. आणि सर्दी झाली म्हणून बाळाला ब्रँडीचा थेंब चाटवायला कोणी आलं तर सरळ हात धर!!

द्राक्षनगरी: थँक्यू दोघींना. आणि दशमूलारिष्ट?

मखमलाबादची ताई: त्यातही अल्कोहोल असतं, बाटलीवर लिहिलेलं असतं बघ. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.