कन्याळ शेळीपालकांची संघटना काढायची तर वही बंद हवी की उघडी?

परतलेला कुडाळकर

नऊ वर्षं यॉर्कशायरात काढून मी गेल्या वर्षी कुडाळला परत आलो. तिथे शेजारचे आजोबा वेन्स्लीडेल मेंढ्या पाळायचे. लांब लोकरीची जात, निळसर तोंड आणि अंगभर अशा पिळदार बटा की मेंढी नव्हे, लग्नाला निघालेली करवली वाटावी. आजोबा जातीच्या संघटनेचं कारकुनी कामही करायचे. संगणकाशी त्यांचं वाकडं, म्हणून चार हिवाळे ती नोंदवही मी भरली. कोकरू कधी जन्मलं, एकटं की जुळं, आई कोण, बाप कोण, कानातला नंबर काय. मेंढा नोंदवायचा असेल तर जाणतं माणूस येऊन दात, पाय, वृषण तपासणार. नापास झाला तर कितीही देखणा असो, वहीत नाव नाही. कंटाळवाणं काम, पण त्या वहीवरून कुठल्याही मेंढीचा खापरपणजोबा सांगता यायचा.

इथे येऊन बघतो तर आपल्या कोकण कन्याळ शेळीची कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे नोंद आहे. तोंडावरच्या पांढऱ्या पट्ट्यांसकट सगळं वर्णन कागदावर आहे. पण नोंद झाली ती जातीची, जनावरांची नाही. कुठल्या वाडीत खऱ्या कन्याळ किती, त्यांना बोकड कोणाचा लागतो, याचा कुणालाच पत्ता नाही. आणि चांगला बोकड तर राहतच नाही. जो अंगाने भरतो तो बकरी ईदला जातो. मागे राहतो तो मरतुकडा, आणि पुढच्या सगळ्या करडांचा बाप तोच. म्हणजे आपण पिढ्यान् पिढ्या उलटी निवड करतोय.

माझं म्हणणं असं की सिंधुदुर्गात कन्याळ पाळणाऱ्यांची संघटना काढावी आणि वही पहिल्या दिवसापासून बंद ठेवावी. आई-बाप दोन्ही कन्याळ असल्याशिवाय नोंद नाही. प्रदर्शनं आणि फेटे नंतर. बोला.

बोअरवाला, देवगड

बोला म्हणालात म्हणून बोलतो. माझ्याकडे बोअरचा, म्हणजे मांसासाठी वाढवलेल्या आफ्रिकी शेळीचा, संकर आहे. खाटीक येतो, जनावर काट्यावर चढवतो, किलोवर पैसे मोजतो. आजवर एकाही खाटकाने मला विचारलं नाही की याच्या आजीच्या तोंडावर पट्टे होते का. शुद्ध जात हा पेन्शन सुरू असलेल्या माणसाचा छंद आहे, राग मानू नका.

आणि तुमच्या वेन्स्लीडेलचं म्हणाल, तर तुमचं वाचून मीही रात्री शोधत बसलो. १८३९ साली जन्मलेला ब्लूकॅप नावाचा एक मेंढा, त्याच्यापासून ती जात निघाली. बाप लेस्टर जातीचा, आई टीसवॉटर. म्हणजे संकरच की! त्यांनी संकर केला तर इतिहास आणि आम्ही केला तर भेसळ?

परतलेला कुडाळकर

मुद्दा बिनतोड आहे, मान्य. पण ब्लूकॅपनंतर त्यांनी काय केलं तेही बघा. संकर एकदा केला, जमला, मग त्याच वंशाला धरून राहिले आणि लिहून ठेवलं. आपल्याकडे काय होतं? या वर्षी सिरोही, पुढच्या वर्षी बोअर, तिसऱ्या वर्षी पाहुण्यांनी घाटावरून आणलेला उस्मानाबादी. पाच वर्षांनी गोठ्यात काय उभं आहे ते मालकालाही सांगता येत नाही. भाऊ, एक सरळ विचारतो. जुलैच्या पावसात तुमच्या बोअरचे पाय कसे असतात?

बोअरवाला, देवगड

खुरी होते. खोटं का बोलू. मोरचूदाच्या पाण्यात पाय बुडवतो, बांबूचा माच केलाय, तरी दोन-चार लंगडतातच. पण वजनात सगळं वसूल होतं.

मालवणी माणूस

ता सगळा बरा आसा, पण तो बोकड सांभाळतलो कोण? माझ्या आवशीन पंचवीस वर्सा शेळयो राखल्यान. वही नाय, कानात बिल्लो नाय. खयची शेळी खयच्या बोकडाची, कोणाच्या घराकडसून इली, ता तिका तोंडपाठ. बोकडाक वास मारता म्हणान शेजारी वराडतत, तो दावा तोडता, पोराटोरांका ढुशी मारता. म्हणान लोक बोकड ठेवनत नाय, ईदेक इकून मोकळे होतत. तुमच्या वहीत बोकडाचा नाव घालशात, पण त्येका पालो कोण घालतलो?

निवृत्त पशुवैद्यक, कणकवली

मालवणी माणसाने नेमकी दुखरी जागा दाबली. बोकडाचाच हिशेब मांडतो, कारण ‘बंद वही’ हा शब्द वाचून मला धडकी भरली.

समजा तुमच्या वहीत ३०० शेळ्या आल्या आणि बोकड फक्त ४. आनुवंशिक हिशेबाने तो कळप ३०४ जनावरांचा नसतो, जेमतेम १६ जनावरांचा असतो. सूत्र सोपं आहे: नर गुणिले मादी गुणिले चार, भागिले दोघांची बेरीज. आता शेळ्या दुप्पट करा, ६०० करा. उत्तर तरीही १६! शेळ्या कितीही वाढवा, आकडा हलत नाही. बोकड १० केलेत तर तो ३९ च्या घरात जातो, २० केलेत तर ७५. निदान ५० च्या वर असावं असा ढोबळ नियम आहे. म्हणजे संघटनेचं काम मोजायचं तर शेळ्यांच्या संख्येवर नव्हे, एकमेकांशी नातं नसलेल्या बोकडांच्या संख्येवर. आज जिल्ह्यात असे किती बोकड सापडतील? त्यात वही बंद करून कुलूप लावलंत तर चार पिढ्यांत चुलत, मावस, आते सगळे एकाच दावणीला. बापाकडून लेक फळली की करडात २५ टक्के अंतःप्रजनन आलंच. मग करडं दुबळी, मरतुक जास्त, आणि लोक म्हणणार की गावठी जातीत दमच नाही.

त्यापेक्षा वही उघडी ठेवा, पण पायऱ्यांची. दिसायला कन्याळ, वंश माहीत नाही, अशी शेळी पायथ्याच्या रकान्यात लिहा. तिला नोंदलेला बोकड लावा. तिची पाठ, म्हणजे मादी करडू, दुसऱ्या पायरीवर, त्या पाठीची पाठ तिसऱ्या. अर्धं, पाऊण, साडेसत्याऐंशी टक्के असं रक्त चढत जातं. चौथ्या पिढीला पूर्ण नोंद द्या. नर मात्र पायऱ्यांवरून घेऊ नका, तो वरच्याच रकान्यातला हवा. इंग्लंडातल्या काही दुर्मिळ मेंढ्यांच्या संघटनांनीही हाच मार्ग धरला आहे, कुडाळकरांना ठाऊक असेल.

आणि सगळा कळप एका तालुक्यात ठेवू नका. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकूत पसरला तेव्हा साठ लाखांहून अधिक जनावरं मारावी लागली. एखादी जात एकाच खोऱ्यात असती तर? लेस्टर लाँगवूल मेंढी अमेरिकेतून पार संपली होती. १९९० मध्ये व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गच्या ऐतिहासिक वसाहतीसाठी ती पुन्हा आणली, तीही इंग्लंडातून नव्हे, टास्मानियाहून. जगाच्या दुसऱ्या टोकाला कळप राहिला होता म्हणून जमलं. आपल्याकडे पीपीआरची, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांच्या त्या जीवघेण्या विषाणूरोगाची, एक साथ पुरे. निळेलीला कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर कन्याळ आहेत, पण सगळी मदार तेवढ्यावर नको.

कलमवाली, वेंगुर्ला

सगळे बोकड वाढवायच्या गोष्टी करताय, तर आमचंही ऐका. आम्ही वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ ची काजूची कलमं लावली, पाण्याचे हंडे डोक्यावरून वाहिले, आणि तिसऱ्या महिन्यात एका दुपारी कुणाच्या तरी सात शेळ्यांनी शेंडे साफ केले. कुणाच्या? तर कुणाच्याच नाहीत! गावात विचारलं की सगळ्यांच्या शेळ्या सकाळपासून गोठ्यात. शेळीने शेंडा खाल्लेलं कलम जगलं तरी वर्ष मागे जातं. तुमची वही करायचीच असेल तर कानातला बिल्ला सक्तीचा करा. निदान नुकसान कोणी केलं ते तरी कळेल.

बोअरवाला, देवगड

ताई, म्हणूनच तर लोक बिल्ला मारत नाहीत.

दापोलीचा वाचक

लांब लोकरीच्या मेंढ्यांचं नाव निघालंय तर त्या संघटनांच्या मूळ पुरुषाकडे जाऊ. रॉबर्ट बेकवेल, लेस्टरशायरमधलं डिशली गाव. याची युक्ती अशी की उत्तम मेंढा विकायचाच नाही, हंगामापुरता भाड्याने द्यायचा. हंगाम संपला की मेंढा परत. त्यामुळे कोणाकडे कोकरं कशी झाली ते त्याला बसल्या जागी कळायचं आणि मेंढाही हातचा जात नसे. १७६० च्या सुमारास सतरा-अठरा शिलिंगांनी सुरुवात केली आणि १७८९ साली नुसत्या तीन नरांचं भाडं १२०० गिनी (एक गिनी म्हणजे एकवीस शिलिंग) मिळालं. ईदला बोकड जातो या तक्रारीवर औषध हेच: बोकड विकू नका, फिरवा.

पण लगेच टाळ्या वाजवू नका. १७८३ मध्ये याच लोकांनी डिशली सोसायटी काढली. ती जात वाचवायला नव्हती, भाव चढे ठेवायला होती. मोजके सभासद, सगळी गुप्तता, मेंढे बाहेर द्यायचे तर अटी. आणि गोरगरिबाने त्या भाड्याकडे लांबून बघायचं. बेकवेलचं स्वतःचंही १७७६ मध्ये दिवाळं वाजलं होतं, तेही जाता जाता सांगून ठेवतो.

म्हणून माझा प्रश्न वही बंद की उघडी हा नाहीच. वहीत नाव कोणाचं लागणार? कन्याळ टिकवली ती डोंगरातल्या धनगरवाड्यांनी आणि गावातल्या दोन-तीन शेळ्या बाळगणाऱ्या बायकांनी. उद्या वर्गणी हजार रुपये ठेवलीत, सभा कुडाळात हॉटेलच्या हॉलमध्ये घेतलीत, की सभासद कोण होणार? निवृत्त शिक्षक, मुंबईहून परतलेले हौशी, फार्महाऊसवाले. पाच वर्षांनी ‘शुद्ध कन्याळ’ त्यांच्याकडे, आणि जिने राखली तिची शेळी ‘वंश अज्ञात’. हे मला मान्य नाही.

परतलेला कुडाळकर

परतलेल्या हौशी माणसांत मीही आलोच, तेव्हा टोला पोचला.

डॉक्टरकाका, तुमचा हिशेब काल रात्री कागदावर मांडून बघितला. बंद वहीचा हट्ट सोडला. यॉर्कशायरातही गोऱ्या आईबापांच्या पोटी मध्येच काळं कोकरू निघायचं, आणि आजोबा त्याचीही वेगळी नोंद करायला लावत. तेव्हा मला तो म्हाताऱ्याचा चक्रमपणा वाटायचा.

पट्ट्यांबद्दल मात्र जरा थांबा. बोअरवाले म्हणतात खाटीक पट्टे विचारत नाही, पण पट्टे बघायचेच नाहीत तर मग कन्याळ ओळखायची कशावरून? घाटावरची उस्मानाबादीही काळीच असते.

निवृत्त पशुवैद्यक, कणकवली

पट्टे प्रवेशाला बघा, निवडीला नको. आत आली की पुढचे प्रश्न वेगळे. भर पावसात पाय धड राहतात का? दोन वेतांत अंतर किती? जुळी झाली तर दोन्ही जगवते का? सड्यावर दिवसभर चढउतार करून संध्याकाळी दूध उरतं का? प्रदर्शनात पहिला नंबर पट्ट्यांना द्यायला लागलात की दहा वर्षांत सुंदर तोंडाच्या लंगड्या शेळ्या मिळतील.

बोअरवाला, देवगड

पैशांचं कोणी बोलतच नाही. मागच्या ईदला माझा एक बोकड अठरा हजारांना गेला. तुमच्या संघटनेला तसा बोकड ठेवायचा तर अठरा हजार आधी मालकाच्या हातात ठेवावे लागतील, नाहीतर तो का थांबेल? तीस सभासदांनी सहाशे-सहाशे काढले की एक बोकड. डॉक्टरांना हवेत वीस. म्हणजे तीन लाख साठ हजार, आणि वर पाला, खुराक, लस, जंताचं औषध. फळवायचे तीनशे रुपये घेतलेत आणि वर्षाला चाळीस शेळ्या आल्या तरी बारा हजार. त्यात बोकड स्वतःचं खाणंही धड भागवणार नाही.

दापोलीचा वाचक

विकत कशाला घ्यायचा? अर्धलीने ठेवा. आपल्याकडे शेळी अर्धलीने देतातच, करडं निम्मी-निम्मी. तसा करार करा: बोकड मूळ मालकाचाच, त्याने तो दोन हंगाम कापायला द्यायचा नाही, संघटनेने खुराक आणि लस द्यायची. त्याच्या पाठी फळायच्या वयाच्या होण्याआधी तो पुढच्या गावाला जाईल आणि तिकडचा इकडे येईल. शेवटी ईदला विकायचा तर मालकाने खुशाल विकावा. तेव्हा तो मोठाही झालेला असेल.

बोअरवाला, देवगड

दोन वर्षांत बिबट्याने नेला तर?

दापोलीचा वाचक

विमा. किंवा संघटनेने निम्मी भरपाई. हे आधी लिहून घ्यायला हवं, नाहीतर पहिल्याच बिबट्याला संघटना फुटेल. वेन्स्लीडेलवाल्यांच्याही सुरुवातीला एकाच मेंढीच्या दोन संघटना होत्या, नंतर एक झाल्या. आपण तर एका वाडीत दोन गणपती बसवणारी माणसं.

कलमवाली, वेंगुर्ला

आणि फिरता बोकड गावात आला की तो बांधून ठेवायची जबाबदारी कोणाची, तेही त्याच कागदावर लिहा. पहिल्या कलमात.

परतलेला कुडाळकर

लिहितो. बिल्ल्यासाठी वेगळा खर्च नको, सरकारच्या भारत पशुधन या संगणकीय नोंदणीवर जनावराची नोंद होते तो बारा आकडी क्रमांकच आपल्या वहीत वापरू. वर्गणी पहिल्या वर्षी शून्य. सभा कुडाळात नाही, ज्यांच्याकडे शेळ्या आहेत त्यांच्या खळ्यात. आणि सुरुवात मालवणी माणसाच्या आईपासून करायची, त्यांनी परवानगी दिली तर. पंचवीस वर्षांची वंशावळ त्यांच्या डोक्यात आहे, ती आधी उतरवून घेऊ. येत्या रविवारी येऊ का?

बोअरवाला, देवगड

मीही येतो. सभासद होणार नाही. बघायला येतो.

मालवणी माणूस

आवशीक इचारलंय. म्हणता, येवा, पण दुपारी नको, चार वाजल्यार शेळयो घराकडे येतत तेव्हा येवा, म्हणजे एकेकीक दाखवन सांगतंय. पेन तुमचाच हाडा, हय पोरांनी एक ठेवक नाय. आणि त्या बोअरवाल्याक सांगा, तेच्या आजयेच्या गावातली एक शेळी आमच्या गोठ्यात आसा, तिची तिसरी पिढी. तोंडार पट्टे आसत.